सत्यमची दोन बोर्डं: संचालकांची पार्श्वभूमी वाचायची कशी?



कंपनी नोंदणीचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, प्रायव्हेट लिमिटेड करतोय, दुसरा डायरेक्टर कोणाला घेऊ?" बऱ्याच जणांनी उत्तरही सोबतच जोडलेलं असतं. कोणाचे मामा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेत, कोणाच्या ओळखीत माजी प्राचार्य आहेत, एकाने तर निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांचं नाव सुचवलंय. "त्यांचं नाव लेटरहेडवर आलं की वजन पडेल" असं वर लिहिलंय.

वजन पडतं, हे मी नाकारत नाही. सप्लायर जरा नीट बोलतो, बँकेत खुर्ची मिळते. पण डायरेक्टर घेताना वजन हा मुद्दा किती मोठा धरायचा, हे समजायला मला भारतातलं एक उदाहरण फार उपयोगी वाटतं. हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस. बीबीएला असताना परीक्षेत सत्यमवर प्रश्न हमखास यायचा आणि तारखा बरोबर लिहिल्या की मार्क मिळायचे. पण सगळा भर राजूंनी काय केलं यावर. बोर्डावर कोण कोण बसलं होतं आणि ते आयुष्यभर काय काम करून तिथे आले होते, हे कोणी विचारत नव्हतं. गंमत म्हणजे सत्यमला काही आठवड्यांच्या अंतराने दोन पूर्ण वेगळी बोर्डं मिळाली. कंपनी तीच, माणसं तीच, ऑफिसं तीच. फक्त संचालक बदलले. शिकायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही.

आधी बोर्ड म्हणजे काय ते दोन वाक्यांत. कंपनीचे मालक म्हणजे भागधारक, ज्यांचे शेअर आहेत ते. रोजचा कारभार बघतात ते मॅनेजर लोक. या दोघांच्या मध्ये बसतं ते संचालक मंडळ. मालकांच्या वतीने मॅनेजरांना प्रश्न विचारायचे, मोठे निर्णय तपासून मंजूर करायचे, हिशेबावर सही करायची. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत त्यातले काही संचालक 'स्वतंत्र' असावे लागतात, म्हणजे मालक घराण्याशी नातं नाही, कंपनीशी पैशाचा व्यवहार नाही. ते बाहेरून येतात, म्हणून त्यांनी बाहेरच्या डोळ्यांनी बघायचं.

पहिलं बोर्ड

सत्यम १९८७ साली रामलिंग राजू यांनी सुरू केली. राजूंनी अमेरिकेत ओहायो विद्यापीठातून एमबीए केलेलं, घरचा पैसा शेती आणि बांधकामातला. वीस वर्षांत कंपनी टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांच्या मागोमाग नाव घेतलं जाईल इथपर्यंत आली. सुमारे ५३ हजार कर्मचारी, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंद. २००८ च्या अखेरीस बोर्डावर नऊ जण होते. त्यातले तीन कंपनीचेच: स्वतः रामलिंग राजू, त्यांचे बंधू रामा राजू आणि राम मैनमपती. उरलेले सहा बाहेरचे. ही नावं जरा सावकाश वाचा.

कृष्णा पालेपू. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक. कंपनीचे हिशेब वाचून तिची किंमत कशी ठरवायची, यावरच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. कंपन्यांचा कारभार कसा असावा, हा तर त्यांचा शिकवण्याचाच विषय.

विनोद धाम. जन्म पुण्याचा. इंटेलमध्ये पेंटियम चिपच्या कामात पुढे होते, म्हणून 'पेंटियमचे जनक' ही ओळख.

एम. राममोहन राव. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन, त्याआधी आयआयएम बंगळूरचे संचालक.

टी. आर. प्रसाद. भारत सरकारचे माजी कॅबिनेट सचिव. म्हणजे देशातल्या सगळ्या सनदी अधिकाऱ्यांमधलं सगळ्यात वरचं पद.

व्ही. एस. राजू. आयआयटी दिल्लीचे माजी संचालक, मूळचे सिव्हिल इंजिनिअर. मालक राजू आणि हे राजू वेगळे, आडनावावरून गोंधळ करू नका.

आणि मंगलम श्रीनिवासन. अमेरिकेत राहणाऱ्या अभ्यासक आणि सल्लागार. बोर्डावर त्या १९९१ पासून, म्हणजे बाहेरच्यांत सगळ्यात जुन्या.

आता सांगा, हे लेटरहेड कोणाला नको असेल? हार्वर्ड आहे, पेंटियम आहे, आयआयटी आहे, दिल्लीचं सचिवालय आहे. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला चांगल्या कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला. नंतर तो परत काढून घेतला गेला, पण ते नंतर.

१६ डिसेंबर २००८

या दिवशी बोर्डापुढे एक प्रस्ताव आला. सत्यमने मेटास प्रॉपर्टीज ही कंपनी पूर्ण आणि मेटास इन्फ्रा या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा विकत घ्यायचा. किंमत १.६ अब्ज डॉलर, तेव्हाच्या भावाने जवळपास ८ हजार कोटी रुपये. सत्यमची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली की मेटास होतं. नाव उगाच उलटं नव्हतं, या दोन्ही कंपन्या राजूंच्या मुलांच्या हातात होत्या. एक जमिनी आणि घरांच्या धंद्यात, दुसरी रस्ते-पुलांच्या.

आपल्या भाषेत बोलायचं तर चांगलं चाललेलं किराणा दुकान, त्याच्या गल्ल्यातून मालक स्वतःच्या मुलाचे प्लॉट विकत घेतोय. आणि दुकानात भागीदार म्हणून शेकडो माणसांचे पैसे गुंतलेले.

राजू बंधूंचं यात हितसंबंध होतं, म्हणून त्या विषयापुरतं अध्यक्षपद राममोहन राव यांच्याकडे गेलं. कागदोपत्री सगळं नियमात. बैठकीत प्रश्न विचारले गेले, सॉफ्टवेअर कंपनीने जमिनीच्या धंद्यात का शिरायचं हेही विचारलं गेलं. आणि शेवटी प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी जागा हीच आहे. हे लोक अडाणी नव्हते. प्रश्न त्यांना सुचले होते. प्रश्न विचारून, उत्तर ऐकून, नंतर 'हो' म्हणाले. प्रश्न विचारणं आणि उत्तर पटेपर्यंत सही अडवून धरणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं हुशारीने होतं. दुसऱ्याला वेगळीच सवय लागते.

बाजाराने मात्र अडवलं. बातमी आली आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सत्यमचा भाव निम्म्याहून जास्त पडला. काही तासांत कंपनीने सौदा मागे घेतला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात श्रीनिवासन, धाम, पालेपू आणि राममोहन राव यांनी एकापाठोपाठ राजीनामे दिले.

पाच हजार चाळीस कोटी

७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी बोर्डाला पत्र लिहिलं. त्यातले आकडे मी तसेच देतो, कारण धंदा करणाऱ्याने हे आकडे एकदा तरी डोळ्यांखालून घालावेत.

३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक मिळून ५,३६१ कोटी दाखवले होते. त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. म्हणजे दाखवलेल्या प्रत्येक रुपयात सहा पैसे खरे. ३७६ कोटींचं जमा होणारं व्याज दाखवलेलं, तेही नव्हतं. साहजिकच, जी एफडी नाही तिचं व्याज कुठून येणार! १,२३० कोटींचं देणं दाखवलंच नव्हतं. येणं ४९० कोटींनी फुगवलेलं. त्या तिमाहीची विक्री २,७०० कोटी दाखवली, खरी होती २,११२ कोटी. नफा ६४९ कोटी दाखवला, खरा ६१ कोटी.

मेटासचा सौदा हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असंही पत्रात होतं. नसलेल्या पैशातून खऱ्या जमिनी घ्यायच्या, म्हणजे पुस्तकातला खड्डा बुजला. आणि याच सौद्यावर त्या सगळ्या मान्यवरांनी होकार दिला होता. त्या दिवशी मुंबई बाजारात शेअर साधारण १७९ वरून ४० रुपयांच्या आसपास आला.

आता विचार करा, यातली कुठली चोरी पकडायला हार्वर्ड लागतं? मी विक्रीच्या खोट्या बिलांबद्दल बोलत नाही, ते अवघड आहे. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने नंतर सांगितलं की अशी सहा हजारांहून जास्त खोटी बिलं तयार केली होती. ती शोधायला तज्ज्ञच हवेत. पण बँकेत पैसे आहेत की नाहीत? हे तर बँकेला विचारलं की कळतं. मात्र विचारायचं ते थेट. कंपनीच्या माणसाने आणून दिलेल्या पत्रावर विसंबायचं नाही, कारण सत्यममध्ये बँकेची कागदपत्रंच बनावट होती. बँकेकडून स्वतंत्रपणे खात्री करून घेण्याची पद्धत ऑडिटरांनी नीट पाळली नाही, असं त्याच नियामकाने २०११ साली ठरवलं.

हे काम ऑडिटरचं. पण ऑडिटरला "तुम्ही बँकेकडून थेट पत्र मागवलंत का? दाखवा" असं म्हणायचं काम बोर्डाचं. आणि त्या सहा नावांकडे परत एकदा बघा. चिप बनवणारे, संस्था चालवणारे, सरकार चालवणारे, शिकवणारे. ज्याचा रोजचा धंदा दुसऱ्याच्या पुस्तकावर संशय घेणं आहे, असा मुरलेला सीए किंवा कर्ज वसूल केलेला बँकर त्यात नाही. एक पालेपू हिशेबाचे मोठे जाणकार होते. पण हिशेब खरा आहे असं धरून त्याचा अर्थ लावणं वेगळं आणि हिशेब खोटा असेल असं धरून व्हाउचर उपसणं वेगळं. शिवाय ते बोर्डाबाहेर कंपनीला सल्ला देऊन त्याचं वेगळं मानधन घेत होते, त्यामुळे 'स्वतंत्र' या व्याख्येत ते बसत नव्हते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण व्हॉट्सअॅपवर काहीही फिरतं. मुख्य फौजदारी खटल्यात एप्रिल २०१५ ला हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवलं. त्यात बाहेरचा एकही संचालक नव्हता. हे लोक चोर होते असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. त्यांच्या नावाची भिंत उभी करून तिच्या मागे चोरी झाली. आणि मला विचाराल तर बोर्डावर नावं गोळा करण्यातला खरा धोका हाच आहे. बघणाऱ्याला वाटतं, एवढी मोठी माणसं आहेत, कोणीतरी तपासलंच असेल. आत बसलेल्यालाही तेच वाटतं.

दुसरं बोर्ड

सरकारने जुनं बोर्ड बरखास्त केलं आणि ११ जानेवारीला तीन नावं जाहीर केली. चार दिवसांनी आणखी तीन. एकूण सहा जण, आधीच्या बाहेरच्या संचालकांइतकेच. पण इथे पार्श्वभूमी वाचताना प्रत्येक नावापुढे आपोआप एक काम दिसतं. म्हणून आधी त्या आठवड्यात कंपनीची अवस्था काय होती ते बघू.

५३ हजार लोकांचा जानेवारीचा पगार द्यायचा, तिजोरीत पैसे नाहीत. परदेशी ग्राहक कंपन्या घाबरलेल्या, त्या सोडून गेल्या तर विकायला काहीच उरणार नाही. हिशेबाच्या वह्यांवर कोणाचाच विश्वास नाही, त्यामुळे कर्ज कोण देणार? विकायची म्हटली तर कायदा आडवा, कारण कंपनी ताब्यात घेताना शेअरची किंमत ठरवण्याचा नियम मागच्या महिन्यांतल्या बाजारभावावर चालायचा, आणि तो भाव तर खोट्या आकड्यांवर उभा होता.

आता माणसं बघा.

किरण कर्णिक. मुंबईत शिक्षण, मग आयआयएम अहमदाबाद, वीसेक वर्षं इस्रोत, नंतर डिस्कव्हरी वाहिनीचा भारतातला कारभार, आणि २००८ च्या सुरुवातीपर्यंत नॅसकॉमचे अध्यक्ष. नॅसकॉम म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना. परदेशी ग्राहकाला फोन करून "थांबा, काम बंद पडणार नाही" असं सांगितल्यावर तो ऐकेल, असा माणूस.

दीपक पारेख. एचडीएफसीचे अध्यक्ष, सीए, १९७८ पासून त्याच संस्थेत. आयुष्यभर कर्ज देण्याचा धंदा. १९९८ साली युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना अडचणीत आली तेव्हा उपाय सुचवणाऱ्या समितीचे प्रमुखही तेच होते. पडत्या घराला टेकू द्यायची सवय असलेला माणूस. बँकांकडून ६०० कोटींचं कर्ज मंजूर झालं आणि पगार झाले.

सी. अच्युतन. शेअर बाजाराच्या तंट्यांचा निवाडा करणाऱ्या सॅट या लवादाचे माजी प्रमुख. वर सांगितलेली कायद्याची गाठ सोडवायला. फेब्रुवारीत सेबीने नियमात बदल केला आणि विक्रीचा रस्ता मोकळा झाला.

टी. एन. मनोहरन. सीए लोकांच्या देशातल्या संस्थेचे, आयसीएआयचे माजी अध्यक्ष. वह्या नव्याने लिहून काढायच्या होत्या. पहिल्या बोर्डात नेमकी हीच खुर्ची रिकामी होती.

तरुण दास. सीआयआय या उद्योगांच्या संघटनेचा कारभार त्यांनी अनेक वर्षं सांभाळलेला, सरकार आणि उद्योग दोन्हीकडे ऊठबस. आणि एस. बी. मैनक, एलआयसीचे वरिष्ठ अधिकारी. एलआयसीकडे सत्यमचे शेअर होते, म्हणजे बुडणाऱ्यांपैकीच एक टेबलाशी बसलेला. हे मला फार आवडतं. ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेत तो चहा-बिस्किटं खाऊन सही करत नाही.

ही नावंही मोठीच आहेत, पद्म पुरस्कारवाली आहेत, म्हणजे मोठं नाव वाईट असा अर्थ काढू नका. फरक निवडण्यात आहे. पहिल्यांदा नावं जमवली, दुसऱ्यांदा आधी कामांची यादी होती आणि त्या यादीला माणूस लावला. अर्थात, दुसऱ्या बोर्डाला एक सोय होती. घोटाळा उघड झाला होता, सरकार पाठीशी होतं, मालकाची भीड नव्हती. पहिल्या बोर्डाला राजूंनीच आणलं होतं. ज्याने खुर्ची दिली त्यालाच "मुलाच्या कंपनीचा सौदा होणार नाही" असं तोंडावर सांगणं सोपं नाही, हे आपल्यासारख्या गावातल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

पुढचं झटपट. ५ फेब्रुवारीला ए. एस. मूर्ती या कंपनीतल्याच जुन्या माणसाला सीईओ केलं, बाहेरचा तारा आणला नाही. टाटा केमिकल्सचे माजी प्रमुख होमी खुसरोखान आणि पार्थो दत्ता हे दोन अनुभवी सल्लागार मदतीला. विक्रीच्या प्रक्रियेवर देखरेख माजी सरन्यायाधीश एस. पी. भरुचा यांची. १३ एप्रिलला बोली उघडल्या. टेक महिंद्राने शेअरला ५८ रुपये लावले, एल अँड टीने ४५ रुपये ९० पैसे, विल्बर रॉस यांनी २० रुपये. टेक महिंद्रा ही आपल्या पुण्याची कंपनी, तेव्हा आकाराने सत्यमपेक्षा लहान. सुरुवातीच्या ३१ टक्क्यांचे तिने १,७५७ कोटी मोजले. राजूंच्या पत्रापासून हे सगळं शंभर दिवसांच्या आत. २०१३ साली सत्यम टेक महिंद्रात विलीन झाली.

मग पार्श्वभूमी वाचायची कशी?

शेअर बाजारातल्या कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. त्यात कारभाराच्या अहवालाचं एक प्रकरण असतं. सगळे लोक फोटो आणि डिग्र्या बघून पुढे जातात. तुम्ही तक्ते बघा. कोण किती बैठकांना हजर होतं, कोण आणखी किती कंपन्यांच्या बोर्डावर आहे, कोणाला बैठकीच्या मानधनाशिवाय वेगळे पैसे मिळतात, कोण कोणाचं नातेवाईक आहे, ऑडिट समितीवर कोण आहे. सत्यमनंतर आलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात असं आहे की ऑडिट समितीतल्या बहुसंख्य सदस्यांना आणि अध्यक्षांना हिशेबाची विवरणं वाचता आणि समजता आली पाहिजेत. हे कायद्यात लिहावं लागलं, बघा!

मी नाव वाचताना स्वतःला एक प्रश्न विचारतो. या माणसाने आयुष्यात रोज उठून काय तपासलंय? प्राध्यापकाने पेपर तपासलेत, इंजिनिअरने डिझाइन, कलेक्टरने फाइल. ज्याने जे रोज तपासलं ते त्याला लांबून वास येऊन कळतं. बाकी ठिकाणी तोही तुमच्या-माझ्यासारखाच.

छोट्या धंद्यात हे अजून सोपं आहे. माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. संध्याकाळी गल्ला मोजणारा आणि वहीत विक्री लिहिणारा मी एक ठेवत नाही, आणि बँकेचं स्टेटमेंट मी माझ्या मोबाइलवर स्वतः उघडतो, कोणी प्रिंट काढून दिलेलं बघत नाही. प्रिंट देणारा प्रामाणिकच आहे, त्यालाही ही पद्धत बरी वाटते. उद्या काही कमी-जास्त झालं तर त्याच्याकडे बोट जात नाही.

तर तुमच्या कंपनीसाठी कागद घ्या आणि आधी कामं लिहा, नावं नाही. तुम्हाला माल बनवता येतो, पण उधारी वसूल होत नाही? मग वसुली केलेला माणूस हवा. जीएसटीचं पान उघडलं की डोकं दुखतं? मग तो. विक्री येते, पण दर महिन्याला पैसे कुठे जातात कळत नाही? मग मामा खरंच बँकेत कर्ज विभागात होते का ते विचारा, मॅनेजर असून आयुष्यभर काउंटर सांभाळला असेल तर उपयोग वेगळा. आणि ज्याचं नाव सुचेल त्याच्याबद्दल दोन गोष्टी तपासा. तो महिन्यातून दोन तास देणार का? आणि तुम्हाला 'नाही' म्हटल्याने त्याचं काही बिघडणार आहे का? बिघडणार असेल, म्हणजे तो तुमच्याकडून पगार घेतो, त्याचा मुलगा तुमच्याकडे कामाला आहे, तर तो चांगला माणूस असूनही त्या खुर्चीसाठी चुकीचा.

घरच्यांचं नाव टाकायचं का?

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात, म्हणून सर्रास आईचं किंवा बायकोचं नाव टाकलं जातं. त्या धंद्यात खरंच असतील तर उत्तम, कित्येक दुकानं त्याच चालवतात. पण नुसती सही घ्यायची असेल तर थांबा. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षं वार्षिक विवरणपत्रं भरली नाहीत तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. सगळे संचालक, नुसते तुम्ही नाही. २०१७ साली सरकारने अशी कारवाई केली तेव्हा देशभरात ३ लाखांहून जास्त संचालक अपात्र ठरले. त्यात अशा किती गृहिणी आणि किती म्हातारे आईवडील असतील, ज्यांना आपण संचालक आहोत हेच नीट माहीत नव्हतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

एकटेच असाल तर वन पर्सन कंपनी हा पर्याय २०१३ च्या कायद्यापासून आहे, त्यात एक संचालक चालतो, फक्त वारस म्हणून एकाचं नाव द्यावं लागतं. आणि ज्यांना ते निवृत्त साहेब हवेच आहेत, त्यांनी साहेबांना डायरेक्टर न करता सल्लागार ठेवा. तीन महिन्यांतून एकदा घरी बोलवा, चहा द्या, बँकेचं स्टेटमेंट आणि उधारीची यादी पुढ्यात ठेवा. त्यांनी पहिल्याच बैठकीत तुम्हाला घाम फोडला तर वर्षभराने खुर्ची द्यायचा विचार करा.

कोणत्याही कंपनीचे संचालक कोण आहेत, हे कंपनी मंत्रालयाच्या साइटवर बघता येतं. ज्या सप्लायरला ॲडव्हान्स देणार आहात त्याचं नाव टाकून बघा. ते नेमकं कुठे क्लिक करायचं, हे पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो.